तुझ्या उंटासाठी

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

तू कागदाच्या लगद्याचा उंट केलास, त्याचे फोटो पाहिले. साडीच्या काठांची झूल फार सुंदर जमली आहे. पण तू लिहितेस तेही खरं, उंट नुसता उभा आहे, त्याला स्वभाव नाही. मला वाटतं दोष सजावटीत नाही, कण्यात आहे. तारेचा सांगाडा तू सरळसोट बांधलास आणि चारही पायांवर सारखा भार दिलास. जनावर असं उभं राहत नाही गं. एखादा पाय ढिला सोडतं, मान वळवतं, अंग एका कुशीवर टाकतं. तेव्हा झूल उसव, लगदा फोड आणि पक्कड घेऊन पाठीपासून पुन्हा सुरू कर. जिवावर येईल, पण वरून कितीही मणी लावलेस तरी उभं राहणं बदलणार नाही.

पिकासोची शेळी बघ, 1950 सालची. फ्रान्समधल्या व्हालोरिस या कुंभारांच्या गावात त्याने ती केली. पाठीला ताडाची झावळी, पोटाला वेताची जुनी टोपली, कासेला मातीची दोन भांडी, शिंगांना द्राक्षवेलीची खोडं आणि मधल्या फटींत प्लास्टर. पुढे ती ब्राँझमध्ये ओतली. टोपलीचा फुगवटा खाली ओघळलेला आहे ना, म्हणून ती बघताक्षणी गाभण वाटते. तो जडपणा नुसत्या मातीकामाने इतक्या सहज आला नसता, तो टोपलीतच होता.

पुढच्याच वर्षी त्याने पिल्लाला कवटाळलेली वानरी केली. मुलाच्या खेळण्यातल्या दोन मोटारी, एक सुलटी, एक उलटी, पोटाला पोट लावून ठेवल्या की झालं तोंड! बॉनेटचं नाकाड, पुढच्या काचेचे डोळे, शेपटीला खऱ्या मोटारीची स्प्रिंग. मला शेळीपेक्षा हीच जास्त आवडते, कारण मोटार मोटारच राहते आणि वानरीही डोळ्याला डोळा भिडवते. गंमत त्या दुहेरी दिसण्यात आहे. तू उंटाच्या कुबडासाठी अॅल्युमिनियमची किटली घेतलीस, इतकी छान युक्ती, आणि ती लगद्याखाली पुरून टाकलीस! झाकण आणि त्याची मूठ तरी उघडी ठेव.

आता कामाचं. तारेला आधी रेड ऑक्साइड मार, नाहीतर गंज कागदातून वर डाग देतो. त्यावर सुतळी गुंडाळ, नुसत्या तारेवर लगदा धरत नाही. चिकटवायच्या खळीत चिमूटभर मोरचूद घाल, कसर लागणार नाही. मात्र ते विषारी असतं, हात स्वच्छ धू आणि खळीचं भांडं स्वयंपाकघरात नेऊ नकोस. एक थर खडखडीत वाळल्याशिवाय दुसरा चढवू नकोस.

डोळे अगदी शेवटी. कोटाची काळी बटणं चालतील, पण खरं काम पापणीचं. एम-सीलची पातळ वळी करून बटणाच्या वरच्या कडेवर दाब आणि ओल्या बोटाने हळूहळू खाली ओढ. बटण निम्मं झाकलं गेलं की उंटाच्या चेहऱ्यावर तो जगाला कस्पटासमान लेखणारा तोरा येतो. थोडं जास्त ओढलंस तर मात्र तो पेंगुळलेला दिसेल, म्हणून एम-सील घट्ट व्हायच्या आत लांब जाऊन बघ.

काठांचे आणखी तुकडे बाबा कुरिअरने पाठवताहेत. नवा सांगाडा बांधलास की लगदा लावायच्या आधी बाजूने फोटो काढून पाठव. पाय मला बघायचे आहेत.

तुझी,
आई