गेमच्या चोरट्या प्रती आणि आपल्याकडे उभा राहू पाहणारा उद्योग

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये स्वतंत्र धोरण मंजूर केल्यापासून या उद्योगातील गुंतवणूक, रोजगार आणि प्रशिक्षण याविषयी वृत्तपत्रांतून बरेच लिहून आले. पुण्यातील एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवत असल्यामुळे आणि माझे अनेक माजी विद्यार्थी याच क्षेत्रात धडपडत असल्यामुळे मला या घडामोडींचा मनापासून आनंद आहे. मात्र या साऱ्या चर्चेत एका गोष्टीचा उल्लेख जवळजवळ होतच नाही. आपल्याकडे तयार झालेला गेम विकत घेणार कोण, आणि तो बाजारात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी टोरंटवर, म्हणजे इंटरनेटवरून फाइल परस्पर वाटून घेण्याच्या जाळ्यावर, फुकट मिळू लागला तर बनवणाऱ्याच्या हाती काय उरणार, हा प्रश्न मला धोरणाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पायरसीबद्दल बोलताना कंपन्या अनेकदा नुकसानीचे जे प्रचंड आकडे पुढे करतात, ते जसेच्या तसे स्वीकारावेत असे माझे म्हणणे नाही. फुकट उतरवून घेतलेली प्रत्येक प्रत म्हणजे बुडालेली विक्री, हा हिशेब चुकीचा आहे, कारण फुकट मिळाले नसते तर त्यांतल्या अनेकांनी तो गेम घेतलाच नसता. युरोपियन आयोगाने करवून घेतलेला आणि २०१७ मध्ये लोकांसमोर आलेला एक मोठा अभ्यास या बाबतीत बोलका आहे. नव्या गाजलेल्या चित्रपटांच्या विक्रीला पायरसीचा फटका बसतो हे त्यात दिसले, पण संगणक गेमच्या एकूण विक्रीत तशी घट झाल्याचा ठोस पुरावा त्या अभ्यासकांना मिळाला नाही. पायरसीचे समर्थन करणारे या अभ्यासाचा दाखला नेहमी देतात. परंतु ही सारी सरासरीची भाषा आहे आणि सरासरीत कोणाचे किती गेले ते दिसत नाही. कोट्यवधींची जाहिरात करणारी कंपनी आणि भाड्याच्या दोन खोल्यांत चार वर्षे एकाच गेमवर राबणारी पाच-सहा जणांची चमू यांना बसणारा फटका सारखा नसतो.

शिवाय फटका केव्हा बसतो हेही पाहिले पाहिजे. डेनुवो ही ऑस्ट्रियात तयार झालेली कुलूपप्रणाली, म्हणजे गेमची नक्कल होऊ न देणारी प्रणाली, २०१४ पासून अनेक मोठ्या गेममध्ये वापरली जाते. ती बसवलेल्या ८६ गेमचा अभ्यास अमेरिकेतील एका संशोधकाने अलीकडेच प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा की, गेम बाजारात येताच कुलूप तुटले तर उत्पन्नात सरासरी सुमारे २० टक्के घट होते, मात्र १२ आठवडे उलटल्यानंतर ते तुटले तर फारसा फरक पडत नाही. गेमची बहुतेक कमाई पहिल्या काही आठवड्यांतच होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. त्याच आठवड्यांत समीक्षा येतात, त्याच आठवड्यांत विक्रीस्थळे गेमला दर्शनी जागा देतात, आणि त्याच आठवड्यांच्या कमाईवर पुढचा गेम बनणार की चमू फुटणार हे ठरते. मोठ्या कंपनीला २० टक्के घट सोसता येते, परंतु छोट्या स्टुडिओचा सारा नफा अनेकदा त्या २० टक्क्यांतच असतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ऑस्ट्रेलियातील ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या स्टुडिओने एप्रिल २०१३ मध्ये जगासमोर ठेवले. ‘गेम डेव्ह टायकून’ हा त्यांचा पहिलाच गेम होता. खेळणाऱ्याने स्वतःची गेम कंपनी काढून ती चालवायची, अशी त्याची कल्पना. तो विक्रीला ठेवताच या भावांनी त्याची एक वेगळी आवृत्ती स्वतःच टोरंटवर टाकली. ती वरकरणी मूळ गेमसारखीच होती, मात्र काही तास खेळल्यानंतर तीत एक संदेश येई की आपला नवा गेम बरेच लोक खेळत आहेत, पण विकत न घेता चोरून खेळत आहेत, आणि असेच चालले तर आपले दिवाळे निघेल. त्यानंतर खेळणाऱ्याने कितीही चांगले गेम बनवले तरी त्याच्या कंपनीची गंगाजळी आटत जाई आणि शेवटी ती बुडे. पहिल्या दिवसअखेर २१४ जण विकत घेतलेली प्रत खेळत होते आणि किमान ३,१०४ जण फुकटची, म्हणजे खेळणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांहून अधिक लोकांनी पैसे दिलेले नव्हते. गेमची किंमत अवघी आठ डॉलर होती, तो कोणत्याही कुलपाशिवाय दिला जात होता आणि एका खरेदीत तीन वेगवेगळ्या संगणकप्रणालींवर चालत होता. महाग आहे, जाचक आहे, मिळत नाही, यांपैकी कोणतीच तक्रार तिथे लागू नव्हती. फुकट खेळणाऱ्यांपैकी काहींनी तर पायरसीमुळे आपली खेळातली कंपनी बुडत असल्याची कैफियत मांडून त्यावर उपाय विचारला. ज्या हाताने आपण घेतले त्याच हाताने कोणाचे तरी गेले, हे त्यांच्या लक्षातही आले नव्हते, आणि मला वाटते या प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

मोबाइलवर परिस्थिती याहून बिकट आहे. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा अत्यंत देखणा गेम बनवणाऱ्या लंडनच्या स्टुडिओने २०१५ च्या सुरुवातीस सांगितले होते की, अँड्रॉइडवरील त्यांच्या गेमच्या स्थापनांपैकी केवळ पाच टक्क्यांसाठी पैसे मिळालेले आहेत. एकच माणूस दोन उपकरणांवर तोच गेम घेतो हे धरूनही हा आकडा विषण्ण करणारा आहे, आणि आपल्या देशात बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच आहे.

आता पुण्याकडे येतो. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा गेम प्रसिद्ध केला. लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न २०१७ मध्ये अपुरा पडला होता, तरी त्यांनी काम सोडले नाही. आपल्या पुराणकथांतील दैवते, राजस्थानी वास्तुकला आणि छायाबाहुल्यांच्या शैलीतील निवेदन घेऊन आलेल्या या गेमला त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या गटात नामांकन मिळाले. परदेशी कंपन्यांसाठी सुटे सुटे काम करून देणारे स्टुडिओ आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांनी अनेक तरुणांना पोटापाण्याला लावले हे मी नाकारत नाही. पण स्वतःची कथा, स्वतःची मालकी आणि स्वतःचे नाव असलेला गेम करणे ही निराळी जोखीम आहे. ती उचलणाऱ्याला कोणी मासिक हप्ता देत नाही. त्याची सारी भिस्त विक्रीवर असते, म्हणून पायरसी सर्वप्रथम अशाच माणसाला संपवते.

ज्यांना ती संपवू शकली नाही, त्या मोठ्या कंपन्यांनी स्वतःला बदलून घेतले, आणि त्या बदलाची किंमत आज आपण सारेच मोजत आहोत. प्रथम त्यांनी कुलपे जाचक केली. २००८ मध्ये ‘स्पोअर’ या गेमची प्रत मोजक्याच वेळा स्थापित करता येईल अशी अट घातली गेली, तरी त्या वर्षी सर्वाधिक पायरसी झालेल्या गेमच्या यादीत तोच अग्रभागी होता. २०१० मध्ये युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीने काही गेमसाठी इंटरनेटची अखंड जोडणी सक्तीची केली. मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ले होऊन ते कोलमडले, तेव्हा पैसे मोजलेल्या ग्राहकांनाच खेळता येईना. कुलूप लावणाऱ्यांचे हे अपयश मी आडपडदा न ठेवता मान्य करतो. परंतु त्यापुढचा बदल अधिक खोल आहे. चीनमध्ये पेटीबंद गेमची पायरसी इतकी बोकाळलेली होती की, या शतकाच्या सुरुवातीपासून तिथल्या कंपन्या सर्व्हरवर चालणाऱ्या आणि चोरताच न येणाऱ्या ऑनलाइन गेमकडे वळल्या. गेम फुकट द्यायचा आणि आतील पोशाख, शस्त्रे आणि आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या नशिबाच्या पेट्या विकायच्या, ही पद्धत त्याच वाटेने फोफावली आणि पुढे जगभर रुजली. आज आठवी-नववीतली मुले आई-वडिलांच्या फोनवरून गेममधल्या वस्तूंवर पैसे उडवतात आणि पालक हवालदिल होतात. हे सारे केवळ पायरसीमुळे घडले असे मी म्हणणार नाही, पण एकदा किंमत देऊन गेम आपला व्हावा आणि तो सुरुवातीपासून शेवटापर्यंत निवांत खेळावा हा सरळ व्यवहार मागे पडण्यात तिचा वाटा मोठा आहे.

यावर उपाय नाही असे नाही. पोलंडमध्ये १९९४ पर्यंत संगणक प्रणालींना कायद्याचे धड संरक्षणच नव्हते आणि वॉर्साच्या उघड्या बाजारात गेमच्या प्रती भाजीपाल्यासारख्या विकल्या जात. त्याच बाजारात वाढलेल्या दोन तरुणांनी १९९४ मध्ये सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. १९९९ मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा परदेशी गेम पोलिश भाषेत आणला. नामवंत पोलिश नटांचे आवाज, नकाशा, पुस्तिका आणि संगीताची सीडी असे सारे त्यांनी एका खोक्यात दिले. गेम मुळात पाच सीडींचा असल्याने चोरट्या प्रतीलाही बऱ्यापैकी पैसे पडत, तेव्हा त्यांची किंमत ग्राहकाला अवाजवी वाटली नाही. पहिल्याच दिवशी १८,००० प्रती गेल्या. पुढे याच कंपनीने ‘द विचर’ ही मालिका केली, आणि २०१५ चा तिचा तिसरा भाग कुलपाशिवाय विकूनही जगातील सर्वाधिक खपाच्या गेममध्ये गणला गेला. ज्या देशात गेम विकत घेणे हा वेडेपणा समजला जाई, त्या देशातल्या लोकांना आपल्या भाषेत, आपल्याला परवडेल असे आणि मानाने दिले तर ते पैसे देतात, हे तिथे सिद्ध झाले. मराठीत गेम करू पाहणाऱ्यांनी आणि धोरण राबवणाऱ्यांनी हे उदाहरण बारकाईने अभ्यासावे, अशी माझी विनंती आहे.

आपल्याकडेही पूर्वीच्या सबबी आता तितक्याशा उरलेल्या नाहीत. एके काळी अस्सल गेम लहान शहरांत मिळत नसत, पैसे डॉलरमध्ये भरावे लागत आणि त्यासाठी क्रेडिट कार्ड लागे. स्टीम या संगणक गेमच्या ऑनलाइन विक्रीस्थळाने नोव्हेंबर २०१५ पासून भारतासाठी रुपयांत किंमती सुरू केल्या. आवडला नाही तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असल्यास पैसे परत मिळतात. मोठ्या परदेशी गेमच्या तीन ते पाच हजारांच्या किंमती मध्यमवर्गीय घराला आजही जड आहेत हे खरे, आणि त्या कंपन्यांनी भारतातील उत्पन्नाचा विचार करावा असे मलाही वाटते. पण छोट्या स्टुडिओंचे उत्तम गेम काही शे रुपयांत मिळतात, आणि चोरी मात्र त्यांचीही होते.

फुकट प्रतीची दुसरी बाजू माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर पाहायला मिळाली. दुरुस्तीला दिलेल्या यंत्रात दुकानदाराने ‘गेम टाकून’ दिला होता. सोबतच्या फाइलमध्ये पहिलीच सूचना अँटिव्हायरस बंद करण्याची होती, आणि मुलाने ती निमूटपणे पाळली होती. त्यानंतर काहीही चालू नसताना लॅपटॉपचा पंखा घोंघावत राही, आणि कारण शोधण्यासाठी टास्क मॅनेजर, म्हणजे यंत्रात काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी, उघडला की तो तेवढ्यापुरता शांत होई. कोणीतरी त्या यंत्राची शक्ती आभासी चलन मिळवण्यासाठी वापरत असल्याचे ते लक्षण होते. हा प्रकार सुटा नाही. २०२१ मध्ये अवास्ट या सुरक्षा कंपनीने ‘क्रॅकोनॉश’ नावाच्या अशाच प्रणालीचा छडा लावला. ती लोकप्रिय गेमच्या क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडलेल्या, प्रतींतून पसरत होती, दोन लाखांहून अधिक संगणकांत पोहोचली होती आणि तिच्या कर्त्यांनी २० लाख डॉलरच्या घरात कमाई केली होती. ज्या लॅपटॉपवर घरचे बँकेचे व्यवहार होतात, त्यावर असे काही येऊ देणे किती घातक आहे हे पालकांना कोणीतरी सांगायला हवे.

कायदा आपल्याकडे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रणालीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय केवळ दंडावर सोडू शकते. शाळकरी मुलांवर खटले भरावेत असे मला मुळीच वाटत नाही. प्रती विकून किंवा यंत्रात भरून पैसे कमावणाऱ्यांवर मात्र कारवाई व्हावी.

माझी खरी मागणी शिक्षणसंस्थांकडे आहे. गेम आणि अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या काही खासगी वर्गांत क्रॅक केलेल्या प्रणालींवरच प्रशिक्षण दिले जाते, असे विद्यार्थी मला सांगतात. भरमसाट शुल्क घेऊन हे चालावे याची मला चीड येते, कारण आता त्याची गरजच नाही. त्रिमितीय चित्रांसाठीची ब्लेंडर आणि गेम बनवण्यासाठीची गोडो या प्रणाली पूर्णतः मोफत व मुक्त आहेत, ऑटोडेस्क ही कंपनी विद्यार्थ्यांना आपल्या प्रणाली विनामूल्य देते, आणि अनरिअल इंजिन ही गेम बनवण्याची प्रणाली वापरून केलेल्या गेमच्या कमाईने दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडेपर्यंत त्यावर मानधन द्यावे लागत नाही. राज्याच्या धोरणाखाली अनुदान किंवा मान्यता मिळवणाऱ्या प्रत्येक संस्थेला परवानाधारक प्रणाली वापरण्याची अट घालावी आणि तिची तपासणी व्हावी. त्याचबरोबर मराठीतून प्रसिद्ध होणाऱ्या गेमना पहिल्या काही आठवड्यांत साहाय्य मिळावे. शाळा, महाविद्यालये आणि सार्वजनिक ग्रंथालये यांनी अशा गेमच्या प्रती खरेदी केल्या तरी छोट्या स्टुडिओला तग धरण्याइतका आधार होईल.

आणि एक विनंती आपल्या वृत्तपत्राला. नाटक, चित्रपट आणि पुस्तके यांचे परीक्षण आपण नेमाने छापता. महिन्यातून एकदा भारतीय गेमचेही परीक्षण छापावे, त्यात बनवणाऱ्यांची नावे, किंमत, तो कोणत्या वयासाठी आहे आणि कुठे विकत मिळतो हे द्यावे, म्हणजे मुलाने गेम मागितल्यावर काय घ्यावे हे घरातल्या मोठ्यांना कळेल.

आपला विश्वासू,
एक प्राध्यापक वाचक, पुणे