मॉनिटर अन् सीपीयू एकाच बोर्डावर लावा, पण आधी अर्थिंग बघा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

शाळा, अभ्यासिका, सेवा केंद्रं, जिकडं बघावं तिकडं कॉम्प्युटर आलेत, चांगलंच झालं, पण त्यांना लाईट कशी दिलीय हे कुणी बघतच नाही. सीपीयू एका बोर्डावर, मॉनिटर टू-पिन लावून दुसऱ्या बोर्डावर, एक्सटेन्शनला परत एक्सटेन्शन अन् त्याच्यावरच कूलर. आपल्याकडं मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही हे मान्य, पण त्याला वेगळं सॉकेट द्या ना.

सीपीयू अन् मॉनिटर एका जागी लावलं तर लोड येईल म्हणतात. अहो, 24 इंची एलईडी मॉनिटर 20-30 वॅट खातो, ऑफिसचा साधा सीपीयू शे-दीडशे, आणि 6 अँपिअरचा बोर्ड 230 व्होल्टला 1380 वॅटपर्यंत घेतो. 600 व्हीएच्या साध्या यूपीएसवरही दोन्ही आरामात चालतात, फक्त लेझर प्रिंटर त्याच्यावर टाकू नका.

खरी भानगड अर्थिंगची आहे. सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात ना, ते असं, आतल्या पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून थोडा करंट गळतो, तो अर्थच्या वायरनं जमिनीत जायला पाहिजे, अर्थच नसला तर पत्र्यावर 115 व्होल्टच्या आसपास तरंगत राहतात. करंट बारीक म्हणून माणूस वाचतो, पण चालू मशीनला मॉनिटरची एचडीएमआय केबल खोचली अन् मॉनिटर दुसऱ्याच बोर्डावर असला तर ती गळती केबलमधूनच वाट काढते, पोर्ट जळू शकतो. म्हणून प्लगची अर्थवाली जाड पिन कापू नका, दोन्ही एकाच थ्री-पिन बोर्डावर लावा.

त्याहून वाईट म्हणजे काही वायरमन अर्थची वायर ओढायचा कंटाळा करतात अन् बोर्डातच न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचा, तुकडा अर्थच्या भोकाला जोडून देतात. बल्ब लावून बघितलं तर सगळं ठीक दिसतं, पण मागं कुठं न्यूट्रल तुटला की पत्रा सरळ 230 व्होल्टवर, आणि समोर लेकरं बसलेली. बोर्ड उघडून स्वतः बघा. आणि आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी टाकत जा.

मुख्याध्यापक अन् सरपंच मंडळींना हात जोडून विनंती, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत जाणत्या वायरमनकडून अर्थिंग मीटरनं मोजून घ्या आणि कॉम्प्युटरच्या खोलीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, बसवा.

आपला,
एक वाचक, परभणी