ऑनलाइन भाषण स्पर्धा: काम बघणाऱ्यांनी एकदा वाचाच

मंडळी, टोस्टमास्टर्सची (भाषणकलेचा सराव करणाऱ्या क्लबांची संस्था) भाषण स्पर्धा झूमवर घेताय ना, मग टायमरवाल्यांनी, म्हणजे वेळ बघून रंगाचा सिग्नल दाखवणाऱ्यांनी, नीट ऐका. वेळ ५ ते ७ मिनिटं, ५ ला हिरवा, ६ ला पिवळा, ७ ला लाल, आणि ४:३० च्या आत संपलं किंवा ७:३० च्या वर गेलं की बाद, मग भाषण कितीही भारी असो. रंग बॅकग्राउंड बदलून दाखवणार असाल तर आधी स्पर्धकाला दाखवून घ्या, कारण त्याच्या स्क्रीनवर टायमरची चौकट दुसऱ्या पानावर गेली तर त्याला काहीच दिसत नाही बिचाऱ्याला, म्हणून टायमरला पिन करायला, म्हणजे त्याची चौकट स्क्रीनवर कायम ठेवायला, सांगा. सिग्नलच बंद पडला तर ३० सेकंद जास्तीचे मिळतात हेही सांगून ठेवा.

स्पॉटलाइट (सगळ्यांना मोठ्या चौकटीत तोच दिसतो) फक्त बोलणाऱ्यावर, बाकी सगळे म्यूट, चॅट बंद. दोन भाषणांच्या मध्ये मिनिटभर शांतता लागते, परीक्षक मार्क देत असतात, तेव्हा ‘वा वा मस्त’ नको प्लीज. फ्री अकाउंट ४० मिनिटांत मीटिंग तोडतं, त्यामुळे लिंक पेड अकाउंटवरूनच काढा, आणि को-होस्ट, म्हणजे मीटिंग सांभाळायला जोडीदार, एक तरी ठेवाच.