मुलांच्या रक्तातले शिसे मोजा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. त्याच वेळी मुलांच्या रक्तातले शिसेही मोजले जावे, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. तिथे ते वर्षानुवर्षे राहते आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून सुटून गर्भापर्यंत पोहोचते. पोटात गेलेल्या शिशाचा मोठ्या माणसाच्या अंगी साधारण दहावा हिस्सा लागतो, लहान मुलाच्या अंगी जवळजवळ निम्मा. लोह कमी असेल तर त्याहून जास्त. आणि आपल्या राज्यात पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी दोघांना रक्तक्षय आहे! शिशाने ना ताप येतो, ना पुरळ. मूल चिडचिडे होते, लक्ष लागत नाही, अभ्यासात मागे पडते. मग आपण त्यालाच रागावतो.

युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे. सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पेट्रोलमधले शिसे २००० साली गेले, घरगुती रंगांतल्या शिशाला २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली. दोन्ही निर्णय मोलाचे. पण जुन्या भिंतींचे पोपडे अजून पडतात. रिक्षाच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या वस्तीत फोडल्या जातात, शिसे उघड्यावर वितळवले जाते आणि त्याची धूळ कामगाराच्या कपड्यांवरून घरात येते, रांगत्या मुलाच्या हातातोंडाशी लागते.

हळदीचेही तसेच. रंग खुलावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असलेला पिवळा रंग, चोळण्याची भेसळ बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत सापडली. तिथल्या सरकारने छापे घातले, दंड केले, लोकांना सांगितले. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ती उरली नाही. सांगलीसारखी हळदीची पेठ असलेल्या राज्याला हे अवघड का असावे?

बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत शिसे सांगणारी यंत्रे मिळतात. बॅटरी-भंगाराच्या वस्त्यांजवळच्या अंगणवाड्यांपासून सुरुवात करा आणि जिल्हावार आकडे जाहीर करा. जिथे पातळी जास्त निघेल, तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि अन्न व औषध प्रशासनाने त्या घरापर्यंत जाऊन शिसे येते कुठून, ते शोधावे. येत्या अर्थसंकल्पात यासाठी तरतूद करावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक पालक