जोधपूरच्या सहलीत वाळवंटी उद्यानासाठी सकाळ राखावी

महोदय,

दिवाळीच्या सुटीत राजस्थानला जाणारी मराठी मंडळी मेहरानगड पाहून थेट जैसलमेरची वाट धरतात आणि गडाला लागूनच असलेले राव जोधा डेझर्ट रॉक पार्क बहुधा पाहायचे राहून जाते, हे खटकते. ज्वालामुखीजन्य खडकावरील सुमारे ७० हेक्टरांच्या या परिसरात पूर्वी वेड्या बाभळीचे रान माजले होते. ती वरून तोडली तरी पुन्हा फुटते. म्हणून २००६ पासून दगडफोडीत मुरलेल्या स्थानिक खांडवालिया कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने खडकातली तिची मुळे खणून काढली आणि त्या खड्ड्यांत मारवाडच्या खडकाळ भूमीतील देशी वनस्पती लावण्यात आल्या. २०११ मध्ये हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. येथे जागोजाग दिसणारा काटेरी थोर अनेकांना निवडुंगच वाटतो; प्रत्यक्षात तो निराळ्या कुळातला असून त्याला चीक असतो.

पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे येथे हिरवळ असते, त्यामुळे दिवाळी लवकर आली तर उत्तमच. एप्रिल-मे मात्र टाळावा. उन्हे चढण्यापूर्वी पोहोचावे, पायांत मजबूत बूट असावेत आणि उद्यानातील मार्गदर्शक अवश्य घ्यावा, कारण अनोळखी डोळ्यांना बरीचशी झुडपे सारखीच दिसतात. सहल कंपन्यांनी गड दुपारकडे ढकलून ही सकाळ मोकळी ठेवावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, पुणे