शेजारच्या कॉटपाशी बसलेल्या काकांना

गेल्या महिन्यात मिरजेच्या एका दवाखान्यात आमचे दादा गेले. त्या शेवटच्या रात्री शेजारच्या कॉटपाशी बसलेले जतकडचे काका, हे तुमच्यासाठी. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दादांनी उमेदीची वर्षं दारूत घालवली. साठी उलटल्यावर बाप्तिस्मा घेतला. डॉक्टरांनी आशा सोडली तसे ते एकच विचारू लागले, "मला आत घेतील का रं?" मी शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडलं, पण चष्मा साताऱ्यातच राहिलेला. खरं सांगायचं तर चष्मा असता तरी आवाज फुटला नसता.

तुम्ही स्टूल ओढून जवळ आलात. गळ्यात तुळशीची माळ. "कुठलं वाचायचं?" मी म्हणालो, लूक, 23वा अध्याय. पारायणाला बसल्यासारखं, एकेका शब्दावर बोट ठेवत तुम्ही वाचलंत. येशूशेजारी क्रुसावर टांगलेला तो गुन्हेगार, माझी आठवण ठेव म्हणतो, आणि त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळतं. तिथं तुम्ही थांबलात, दादांकडं बघून म्हणालात, "म्हंजे उशीर झाला तरी चालतंय की वो!"

दादा हसले. 8 दिवसांत पहिल्यांदा. "परत वाचा," म्हणाले. तुम्ही तीनदा वाचलंत, मधेमधे कापसाच्या बोळ्यानं त्यांचे ओठ ओले केलेत. आणि काकू स्वतः पलीकडं सलाईनवर होत्या.

पहाटे दादा शांतपणे गेले. आमच्या गडबडीत तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही. काकू आता घरी आल्या असतील ना? खूप आभार, काका. तुमचा टॉवेल माझ्याकडं राहिलाय, धुऊन ठेवलाय.