जास्तीचे निघून जाते, पण कुठून?

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत म्हातारपण लांबवण्यासाठी क जीवनसत्त्वाचे मोठे डोस घ्यावेत, अशा आशयाचा लेख वाचला. ‘जास्तीचे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे धोका काहीच नाही’ हे त्यातले वाक्य वाचून हसू आले. याच एका वाक्याच्या भरवशावर मी 25 वर्षे गोळ्या चघळल्या.

मी रसायनशास्त्राचा शिक्षक. दोन नोबेल मिळवणारे लायनस पॉलिंग म्हणजे आम्हा लोकांचे दैवत. ते स्वतः रोज 18 ग्रॅमपर्यंत क जीवनसत्त्व घेत. 1994 मध्ये ते गेल्याची बातमी वाचली, वय 93. मला तेवढा पुरावा पुरला. (गेले ते प्रोस्टेटच्या कर्करोगाने, हे सोयीस्करपणे नजरेआड केले.) मी तेव्हा 43 वर्षांचा होतो. 500 मिलिग्रॅमची नारंगी गोळी, सकाळी दोन आणि रात्री दोन. बिस्किटांच्या जुन्या डब्यात त्या ठेवत असे. प्रवासाला निघताना चष्मा एकवेळ विसरेन, डबा नाही.

फायदा झाला का? प्रामाणिकपणे सांगायचे तर कळत नाही. सर्दी कमी व्हायची असे मला वाटे. पण आमच्या घरात तुलनेला दुसरे माणूस होते. सौभाग्यवतींनी आयुष्यात एक गोळी घेतली नाही. हिवाळ्यात मोरावळा आणि एरवी वरणभातावर लिंबू, एवढेच. त्यांनाही सर्दी माझ्याइतकीच व्हायची. मोतीबिंदूही दोघांचे एकाच वर्षी निघाले. पुढे वाचनात आले की अमेरिकेत 14 हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांवर याचा प्रयोग झाला होता. काहींना रोज 500 मिलिग्रॅम, काहींना नुसती दिखाऊ गोळी, अशी बरीच वर्षे. हृदयविकार, कर्करोग, मोतीबिंदू, कशातच फरक पडला नाही. सर्दीचे म्हणाल तर नियमित घेणाऱ्या मोठ्या माणसाची सर्दी सरासरी 8 टक्क्यांनी लवकर बरी होते. म्हणजे दहा दिवसांची सर्दी सव्वानऊ दिवसांवर!

आता ‘निघून जाते’बद्दल. रोज 200 मिलिग्रॅमपर्यंत शरीर जवळजवळ सगळे शोषून घेते. एका वेळी ग्रॅमच्या वर गेलात की निम्मेही आत जात नाही. आत गेलेल्यातलेही जास्तीचे मूत्रपिंडातूनच बाहेर पडते आणि त्यातल्या काहीचे वाटेत ऑक्झलेट (पालकातही असणारा, कॅल्शियमशी जुळून खडे करणारा पदार्थ) होते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. 2013 च्या उन्हाळ्यात पहाटे तीन वाजता पाठीतून जांघेत अशी कळ गेली की मोरीच्या उंबऱ्यावरच बसलो. मुतखडा. काढलेला खडा तपासला, तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. डॉक्टरांनी पालक आणि टोमॅटो बंद केले, पाणी वाढवायला सांगितले. ‘औषधे काय चालू आहेत?’ या प्रश्नाला मी ‘फक्त बीपीची’ असे उत्तर दिले. खोटे बोलायचे नव्हते. डब्यातल्या गोळ्या मी औषधात धरतच नव्हतो. चार वर्षांनी दुसरा खडा. म्हणजे मी पालकाच्या भाजीला शिक्षा करत होतो आणि डबा तसाच चालू होता. त्याच 2013 साली स्वीडनमधल्या 23 हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. गोळ्या घेणाऱ्या सगळ्यांनाच खडे होतात असे नव्हे, पण एकदा झालेल्याने तरी शहाणे व्हायला हवे होते.

डोळे उघडले ते एका चिटोऱ्याने. 2019 मध्ये शौचातून नकळत रक्त जाते का, याची तपासणी करायला सांगितली होती. प्रयोगशाळेने दिलेल्या कागदावर बारीक अक्षरात छापले होते: तपासणीआधी तीन दिवस क जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद ठेवा. वाचताच मला माझा वर्ग आठवला. आयोडीन आणि स्टार्चचे निळेशार पाणी घ्यायचे, त्यात ही गोळी विरघळवून टाकायची, की निळा रंग क्षणात नाहीसा. पोरे टाळ्या वाजवायची. क जीवनसत्त्व उत्तम क्षपणक (समोरच्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देऊन बदलणारे) आहे, हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले. तोच गुण तपासणीत रक्त दाखवणारा निळा रंगही उमटू देत नाही. रक्त असले तरी अहवाल ‘नाही’ म्हणू शकतो. त्याआधी दोन वेळा मी ही तपासणी गोळ्या चघळत केली होती आणि ‘सगळे नॉर्मल’ म्हणून पेढे खाल्ले होते. सुदैवाने गोळ्या थांबवून केलेल्या तपासणीतही काही निघाले नाही.

दातांचे तर सांगायचे राहिलेच. रोज चार आंबट गोळ्या चघळून दाढांचे एनॅमल झिजले आहे. थंड पाणी आजही डाव्या बाजूने पिता येत नाही.

क जीवनसत्त्व वाईट, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम लागते. एक मध्यम पेरू त्याहून जास्त देतो. माझी तक्रार लेखाबद्दल आहे. साठीपुढच्या वाचकाला दोन-तीन ग्रॅम घ्यायला सांगताना मूत्रपिंड, मुतखडा, तपासण्या यांवर एक ओळही नसावी? प्रौढांसाठी वरची मर्यादा दिवसाला 2 ग्रॅम धरतात, तीही धडधाकट माणसासाठी. निदान ‘डॉक्टरांना या गोळ्यांबद्दल सांगा’ एवढे तरी पुढच्या अंकात छापावे, ही विनंती.

2020 मध्ये दुकानांतून या गोळ्या गायब झाल्या, तेव्हा शेजारीपाजारी माझ्या डब्याच्या आशेने आले होते. मी गोळ्या सोडल्या आहेत यावर कुणाचा विश्वास बसेना. दोन पाकिटे उरली होती, ती मुदत संपूनही अजून आहेत. परवा नातवाला आयोडीनचा प्रयोग दाखवला. रंग अजून उडतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वाई